सत्तेचाळीस नंबरचा खांब

जुमाकादिर कुणावर म्हणून विश्वास ठेवायचा नाही, हे अख्ख्या नारिन खोऱ्याला ठाऊक होतं. चाळीस वर्षं विजेच्या लाइनवर काढलेला माणूस. हातोडीनं ठोकून आवाज ऐकल्याशिवाय लाकडी खांबावर पाय ठेवायचा नाही. ती खोड पुढं घरातही शिरली. बाजारात टरबूज ठोकून बघणं ठीक, पण या पठ्ठ्यानं व्याह्यांच्या घरी बसायच्या आधी बाकही ठोकला! बायको म्हणायची, "मला नाही ठोकून बघितलंत, हे माझं नशीब."

त्या दिवशी शहरातून मेरिम नावाची बाई आली. लाइनीची किंमत ठरवायला. खांब किती, किती जुने, अजून किती वर्षं तग धरतील. जुमाकादिरला ती बघताक्षणी खटकली. इतके स्वच्छ बूट घालून खांब बघायला कोण येतं?

"सत्तेचाळीस नंबर," तिनं हातातल्या कागदावरून वाचलं. "तीन वर्षांपूर्वी बदललेला. म्हणजे किंमत जवळजवळ नव्याची."

"हा? बदललेला? अगं पोरी, माझ्या लग्नाच्या वर्षी मी स्वतः उभा केलाय हा! नवा खांब कुणाच्या घशात गेला?"

वरची तार सैल झाली होती. ती ओढायला त्याचा मुलगा एल्दियार खांबावर चढायचे लोखंडी आकडे बुटांना बांधून तयारच होता. जुमाकादिरनं हातोडी मारली. बद्द! खांब आतून पार कुजला होता.

"सोड ते आकडे!" तो मुलावर खेकसला आणि बाईकडे वळला. "चोर आहात तुम्ही सगळे! माझं पोर खाली पडलं असतं, तर तुमच्या कागदानं झेललं असतं काय?"

मेरिमनं पान उलटून एका ओळीवर बोट ठेवलं. 'तपासला, नवीन आहे.' खाली सही. जुमाकादिरचीच.

त्याला आठवलं. तीन वर्षांपूर्वी नातवाच्या बारशाची मेजवानी होती, परातीत मांस वाफाळत होतं आणि विजेच्या ऑफिसातल्या साहेबांनी गाडीच्या बॉनेटवर कागद पसरले होते. "दादा, सह्या तेवढ्या उरका, जेवण निवतंय." त्यानं उरकल्या होत्या. एक कागद वाचला असेल तर शपथ.

त्याचे कान शरमेनं तापले.

"लिही," तो म्हणाला. "सही माझी, पण मजकूर खोटा. माझं नाव घालून लिही. नोकरी गेली तर गेली."

तिनं लिहून घेतलं.

मग तिघं अठ्ठेचाळीस नंबरकडे गेले. जुमाकादिरनं खांब चारी बाजूंनी ठोकला. आवाज खणखणीत आला.

"चढ," तो एल्दियारला म्हणाला.

एल्दियार हलला नाही. बापाकडे न बघताच त्यानं हात पुढं केला.

"बाबा, हातोडी द्या इकडं."