पौर्णिमेच्या नावाने तक्रार

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं.

लखनौत सरोजिनी नगर भागातल्या एका ठाण्यात मी होमगार्ड होते. शाळा चौथीपर्यंत. लिहिणं दुसऱ्यांचं, बायकांची झडती घेणं, त्यांच्याजवळ बसणं माझं.

एका सकाळी नोकरीसाठी इकडे राहणाऱ्या मराठी घरातला मुलगा आला. आदल्या दुपारी त्याची आई जिन्यावरून पडली होती. डोक्याला टाके, मनगट मोडलेलं.

"साहब, पत्नी ने धक्का दिया। पूर्णिमा को उसका दिमाग फिर जाता है। माँ तीसरी बार गिरी है, तीनों बार पूर्णिमा!"

दरोगाने, म्हणजे आपल्याकडच्या फौजदाराने, तसंच लिहून घेतलं. सुनेला आणून बाकावर बसवलं. संध्याकाळी अटक ठरली. लहान मुलगी नवऱ्याकडे राहणार. सून एकच सांगत होती, "मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते."

मी म्हटलं, "साहब, सासू दुपारी पडली. तेव्हा चाँद निकला तरी होता का?"

"मराठिन, तू चाय पिला। कानून मत पढ़ा।"

पण दवाखान्यात सासूचा जबाब घ्यायला मलाच न्यावं लागलं. दुखण्यात तिची हिंदी बंद पडली होती.

"कुणी ढकललं, आजी?"

"आठवत नाही गं. घाम फुटला, अंधारी आली, मग एकदम दवाखाना. पण पौर्णिमा होती ना? हिनेच ढकललं असणार."

तिच्या उशाशी शुगरच्या गोळ्या होत्या.

"काल सकाळी काय खाल्लंत?"

"पौर्णिमेला चंद्र दिसेपर्यंत मी पाण्याशिवाय काही घेत नाही."

"आणि गोळी?"

"घेतली की. गोळी म्हणजे काय अन्न आहे होय?"

मी दरोगाला दवाखान्याचा कागद काढायला लावला. आणलं तेव्हा साखर फार खाली गेलेली, असं त्यावर साफ लिहिलेलं. सकाळपासून तो कागद फाइलीतच टाचलेला होता! डॉक्टरांनीही सांगितलं, उपाशी पोटी ही गोळी घेतली तर माणूस असाच कोसळतो. आधीच्या दोन्ही वेळी आजींचा असाच उपास होता.

अटक रद्द झाली. नवरा सुनेला म्हणाला, "चल घरी."

सून उठली नाही. "आधी लिहून द्या, मी वेडी नाही."

"तमाशा मत कर यार," नवरा चिडला.

दरोगा हसला. असा फॉर्म नसतो म्हणे. मी म्हटलं, "सकाळी वेडी लिहायला फॉर्म कुठून मिळाला?" मी त्याच्या टेबलापुढून हललेच नाही. शेवटी त्याने लिहिलं, सही केली. तिने कागद नवऱ्याच्या हातात न देता पर्समध्ये ठेवला आणि त्याच्या पुढे चालू लागली.

पौर्णिमेने अपघात वाढतात का, असं लोक मला विचारतात. मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे, की शिकलेल्या दोन पुरुषांनी चंद्राच्या नावाने एका बाईला तुरुंगात घालायची तयारी केली, आणि पडलेल्या म्हातारीला "तू जेवली होतीस का" हे विचारलं नाही.