डावखुरी पानं

माझ्या धाकट्या जावेला सुईत दोरा ओवायला दोन मिनिटं लागतात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझं डोकं का फिरलं ते कळेल.

आमच्या भरतकामाच्या कारखान्यात नक्षी काढायचं टेबल एकच, खिडकीजवळचं. बावीस वर्षं त्यावर मी बसते. कागदावर वेल काढायची, रेघेवर सुईने भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवून वरून खडूची पूड घासायची. खाली उमटलेल्या ठिपक्यांवर बाकीच्या बायका टाके घालतात. धाकटीला इथे मीच चिकटवून दिली. चार वर्षं ती दोऱ्याच्या लड्या रंगवार लावते. तेवढं बरं जमतं तिला.

मग नाट्यगृहाच्या पडद्याचं काम आलं. एवढं मोठं काम आमच्याकडे कधीच आलं नव्हतं. मी आठ दिवस खपून वेल काढली. धाकटीने जेवणाच्या सुट्टीत फोनातल्या एआयला काहीबाही सांगितलं आणि डबा संपायच्या आत चाळीस वेली काढून घेतल्या. आमच्या मालकीणबाईंनी त्यातलीच एक उचलली. वर म्हणाल्या, "पडदा होऊ दे, मग टेबलावर कोण बसायचं ते बघू."

आणि खरं सांगू? ती वेल माझ्या वेलीपेक्षा चांगली होती. तिथेच तर माझा जळफळाट झाला. कोपऱ्यापाशी अशी काही वळली होती की वाटलं, मेलं हे मला का नाही सुचलं. घरी आम्ही दोघी एकाच ओट्यावर स्वयंपाक करतो. त्या आठवड्यात मी तिच्याशी भांडी आपटूनच बोलले.

"अगं, घरचीच आहे ती," नवरा म्हणाला.

"म्हणून तर," मी म्हटलं. परकीने नाक कापलं असतं तर एक वेळ सोसलं असतं.

त्या वेलीला भोकं पाडायचं काम माझ्याच गळ्यात आलं, कारण दुसऱ्या कुणाला ते येत नाही. दात-ओठ खात टोचत बसले. तिसऱ्या पानाशी हात थांबला. पानाचं टोक उलटं वळलेलं. चौथ्याचंही तसंच. मी डावखुरी, त्यामुळे माझी पानं सगळी उलटी वळतात. टाके घालताना हात वाकडा करावा लागतो म्हणून बायका मला बावीस वर्षं शिव्या घालतायत. अशी पानं दुसरं कुणी काढत नाही.

धाकटीला जिन्यात गाठलं. "फोनला काय दाखवलंस गं?"

ती पांढरीफटक पडली. "कपाटातले तुमचे जुने कागद. सगळे."

"विचारायला तोंड नव्हतं?"

"चार वर्षं ते कागद गुपचूप गिरवतेय, ताई. एक पान तुमच्यासारखं येत नाही. जळते मी तुमच्यावर." मग तिने माझा हात धरला. "पुढच्या वेळी फोनला जमत नाही म्हणेन. टेबल तुमचंच राहील. फक्त बाईंना सांगू नका, पाया पडते."

माझ्यावर कुणी चार वर्षं जळतंय हे ऐकून किती बरं वाटलं म्हणून सांगू. पण बाकीच्यावर माझा काडीचा विश्वास बसला नाही. पितळ उघडं पडेल म्हणून घाबरली, दुसरं काय. हात सोडवून घेतला, कपाटातले कागद काखेत मारले आणि तडक बाईंकडे गेले.

"नक्षी माझी आहे, बाई. धाकटीने फोनला माझेच कागद दाखवले. ही पानं बघा आणि ही बघा."

बाईंनी चष्मा लावून एकेक पान जुळवलं. हळूहळू त्यांचा चेहरा खुलला.

"खरंच की. हुबेहूब तुमचा हात."

मी दाराकडे पाहिलं. धाकटी तिथे उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, रड आता.

"बरं झालं सांगितलंत," बाई म्हणाल्या. "मला वाटत होतं, फोनला ही एक नक्षी नशिबाने जमली, पुढच्या कामांना कुठून आणायची? पण हे बावीस वर्षांचे कागद आहेत की आपल्याकडे, फोनला दाखवायला जन्मभर पुरतील. ते टेबल काढून टाकू, तिथे टाक्यांची आणखी एक चौकट मावेल. उद्यापासून तुम्ही त्या चौकटीवर टाके घालायला बसा."