ट्राउगॉटचा खालचा आवाज

ट्राउगॉट हाइड्रिष लाकडी पिंपं बनवायचा. जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातल्या त्या गावात प्रत्येक पुरुषाकडे दोन गोष्टी असायच्याच: खानावळीत ठेवलेला बियरचा स्वतःचा पेला आणि गायनमंडळातली जागा. ट्राउगॉटची जागा मागच्या रांगेत, सगळ्यात खालच्या आवाजात. त्या आवाजाच्या वाट्याला चाल येत नाही. गाणं वरचे लोक गातात. खालच्यांनी त्याच दोन-चार स्वरांवर पाय रोवून उभं राहायचं. जन्मभर गाऊनही ट्राउगॉटला एका गाण्याची चाल धड येत नव्हती, आणि त्याचं त्याला काही वाटतही नव्हतं. चाल झीगमुंड सांभाळायचा.

झीगमुंड काट्झेनश्टाइन हा कापडाचा दुकानदार, मंडळाचा पहिला आवाज. दोघं मिसरूड फुटायच्या वयात एकदमच मंडळात आले होते. बाहेर झीगमुंड ज्यू, ट्राउगॉट ख्रिस्ती. तालमीच्या खोलीत एकाच गाण्याची दोन टोकं.

मंडळाचा एक रिवाज होता. सभासद गेला की सगळ्यांनी त्याच्या कबरीशी उभं राहून निरोपाचं गाणं गायचं. मेलेला कर्जबुडव्या असो की बायकोला मारणारा, गाणं चुकायचं नाही. पाद्र्याच्या प्रार्थनेपेक्षा माणसं त्या गाण्याच्या भरवशावर मरत. मंडळाचे अध्यक्ष एमे मास्तर दर वर्षी भाषणात डोळे पुसत सांगायचे की जर्मन माणसाचा देव गाण्यात राहतो.

मग नाझींचं सरकार आलं आणि देवाने बिऱ्हाड हलवलं. मास्तरांनी झीगमुंडचं नाव मंडळातून काढलं. कुणी चकार शब्द काढला नाही. ट्राउगॉटनेही नाही, त्या संध्याकाळीही तो आपला पेला संपवूनच घरी आला.

काही वर्षांनी झीगमुंडने अंथरूण धरलं. ट्राउगॉट मागच्या दाराने भेटायला गेला. झीगमुंडने जुनं काही उकरलं नाही. फक्त विचारलं, "माझं गाणं होणार का रे?"

"होईल की."

"कोण गाणार, तू? तुला चाल कुठे येते, गाढवा."

दोघं हसले. त्याच आठवड्यात झीगमुंड गेला.

ट्राउगॉट मास्तरांकडे जाऊन गयावया करून आला. मास्तर शांतपणे म्हणाले, जो सभासद नाही त्याला गाणं नाही. आणि तू त्याच्या दफनाला गेलास तर तूही सभासद नाहीस.

घरी मिनाने, त्याच्या बायकोने, पाव कापता कापता सुरी खाली ठेवली. "जाऊ नका. मंडळाने टाकलेल्याकडून पिंप कोण घेईल? आणि उद्या तुमच्या कबरीशी कोण गाईल?"

"कुणी नाही," तो म्हणाला आणि काळा कोट चढवून निघाला.

टेकडीवरच्या ज्यूंच्या कबरस्तानात मोजकी माणसं होती. ट्राउगॉटने टोपी काढली आणि तो नुसताच उभा राहिला. लोकांना वाटलं, म्हातारा शब्द विसरला. पण झीगमुंडची बायको रोझाली हिला कळलं. गाण्याची पहिली ओळ एकट्या पहिल्या आवाजाची असते. ट्राउगॉट ती संपायची वाट बघत होता. ती संपली तसा त्याने खालचा आवाज लावला. तेच दोन स्वर, मग थांबणं, पुन्हा तेच. ज्याला गाणं माहीत नाही त्याला ते कण्हणंच वाटलं असतं. रोझाली तोंडावर रुमाल दाबून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

पुढे मिना म्हणाली तसंच झालं. पिंपं अंगणात पडून वाळली, त्यांच्या फळ्या सुटल्या. गुरुवारी, तालमीच्या वेळी, ट्राउगॉट स्वयंपाकघरात बसून आपला भाग गात असे, मधे मधे थांबत. थांबला की मिनाला घर खायला उठायचं. युद्धाच्या दुसऱ्या हिवाळ्यात तो गेला.

अख्खं मंडळ आलं, पण शेजारी म्हणून. प्रार्थना संपल्यावर पाद्री सवयीने गाण्यासाठी थांबला. मास्तर बुटांकडे बघत राहिले. तेव्हा मिनाने सुरुवात केली. तिला तरी दुसरं काय येत होतं? जन्मभर घरात ऐकलेला तो खालचा भागच, बायकी आवाजात, जागच्या जागी थांबत थांबत.

तिच्या प्रत्येक थांबण्याची जागा तिथल्या प्रत्येक पुरुषाला पाठ होती. चाल कुणी उचलली नाही.