लिंबू बांधलेला तराजू

पुरानं आमची भाजीची वाडी नेली तेव्हा माझ्या अंगाची हळदही नीट उतरली नव्हती. सातपुड्यावर आभाळ फुटलं आणि आमच्या गावच्या नदीला एवढं पाणी आलं, की नदी आपला रस्ता विसरून थेट आमच्या वांग्यांत शिरली. वांगी ऐन बहरात होती. ती झाडांसकट निघाली, पूर्णेला लागली, पूर्णेतून तापीत गेली, आणि मी आजही शपथेवर सांगते, त्या साली सुरतेच्या बायकांनी महिनाभर भाजी विकत घेतली नाही.

आत्याबाई, म्हणजे माझी सासू, काठावर उभी राहून पाहत होती. ऐन तरुणपणी विधवा झालेली बाई. तिनं ही वाडी आणि माझा नवरा दोन्ही एकटीनं वाढवले होते. तिनं ना ऊर बडवला, ना नदीला शिवी दिली. एवढंच म्हणाली, "जा बाप्पा. फुकटात गावानं नेले, आता तू ने."

हे बोलणं समजायला आमच्याकडचा रिवाज माहीत पाहिजे. वऱ्हाडात नवस फेडायचा तर रोडगे करतात. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, वर तूप, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. वांग्यावाचून रोडगा म्हणजे नवरदेवावाचून वरात. गावात नवस कोणाचाही असो, पोर झालं असो की बैल सापडला असो, कणीक ज्याची त्याची आणि वांगी मात्र आमची. देवाचं काम, त्याला पैसे कशाचे? माझ्या सासऱ्यांच्या आजापासून गाव पोतं घेऊन यायचं आणि भरून न्यायचं. त्या हिशेबानं मारुतीच्या अंगावरचा निम्मा शेंदूर आमच्या वांग्यांचा.

पुरानंतर तालुक्याहून साहेब आले. याआधी कधी मदत यायची ती धान्याची, आणि ती सरपंचाच्या ओसरीवर वाटली जायची. सरपंच म्हणजे पंचक्रोशीतल्या सर्वांत मोठ्या ढेरीचा धनी. ती आधी वळणावर दिसायची, तो मागून यायचा. त्याच्यापुढं पदर पसरायचा, तो मापात बोटं घालून ज्वारी ओतायचा, वर दोन उपदेश मोफत. या खेपेला मात्र रस्ते वाहून गेलेले, धान्याची गाडी येईना. म्हणून साहेबानं चावडीवर बसून ज्याच्या त्याच्या हातात रोख पैसे ठेवले. आत्याबाईनं अंगठा उमटवला, नोटा चोळीत घातल्या आणि सरपंचाकडे न पाहता घरी आली.

मग आमच्या घराला जत्रेचं रूप आलं. उभ्या जन्मात न दिसलेले पाहुणे दारात. कोणी म्हणे घरावर टिनं टाका, कोणी म्हणे ज्वारी भरा, कोणी म्हणे सुनेला लुगडं घ्या. हे शेवटचं मला पटलं होतं, पण मला विचारतो कोण! संध्याकाळी सरपंच स्वतः आला.

"काकू, मारुतीनं जीव वाचवला, वरून सरकारी पैसाबी देल्ला. गावाले रोडगे घाला आता."

"घालतो ना," आत्याबाई म्हणाली. "वांगे कोन देते?"

गावाला पहिल्यांदाच कळलं की वांगी उगवावी लागतात.

"मंग पैशाचं करता काय?" सरपंच चिडून म्हणाला. "बायामानसाच्या हातात नगद टिकत नाई. माह्याजवळ ठेवा. लागीन तसे देत जाईन."

"नदीनं नेलं ते बस झालं, भाऊ."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन खामगावला निघाली. रस्ता वाहून गेलेला, अर्धी वाट चिखलातून. एसटीत तिनं चोळीवरचा हात काढला नाही. कंडक्टरला तिकिटाचे पैसेसुद्धा मी माझ्या पदराच्या गाठीतून दिले. पेठेत आधी बियाणं घेतलं: वांगी, मेथी, कोथिंबीर. ते मला समजलं. मग ती एका लोखंडाच्या दुकानात शिरली आणि पितळी पारड्यांचा, साखळ्यांचा तराजू आणि सरकारी शिक्क्याची नवीकोरी किलोची वजनं मांडायला लावून विकत घेतली. तेव्हा शेर जाऊन किलो नुकता आला होता आणि संग्रामपूरच्या बाजारातला दलाल शेराच्या भावात आमचा माल किलोच्या वजनानं घ्यायचा आणि शेराच्या दगडानं विकायचा. मधलं काय व्हायचं ते त्याच्या माडीला विचारावं.

"आत्याबाई, घरात दाना नाई," मी हळूच म्हटलं.

"दाना खाल्ला का सरते, पोरी. आजवर दुसऱ्यानं तोललं, आपुन हात जोडून उभे राह्यलो. आता पारडं माह्या हातात पाह्यजे."

गावात हसून हसून लोकांच्या बरगड्या सरकल्या. विकायला भाजीची काडी नाही आणि घरात तराजू! आढ्याला तो टांगलेला आणि खाली आम्ही रानात फुकट उगवणाऱ्या तरोट्याची भाजी खात बसलेलो. तरोटा एवढा खाल्ला, की माझा नवरा घामानं हिरवा व्हायचा. हसते मी आता. तेव्हा भाकरीचा तुकडा तोडताना आम्ही तिघं एकमेकांचे हात पाहायचो. नवरा दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबायचा. एकदा तो ताटावरून उठला.

"माय, मोडून टाक तो तराजू. वांगे नाई आले तं काय तोलशीन? आपलं नशीब?"

"नशीब तोलाले बसलीच तं पह्यले तुया बापाचं तोलीन," ती म्हणाली. पण त्या रात्री चुलीपुढं ती बराच वेळ बसून राहिली. वाडी उभी राहिली नाही, तर गाव जन्मभर म्हणणार होतं, की गरिबाच्या हातात पैसा दिला आणि त्यानं त्याचं पितळ केलं.

वाडी उभी राहिली. गाळ उपसता उपसता माझ्या हाताच्या रेषा पुसल्या गेल्या, म्हणून तर कोणत्याच ज्योतिष्याला माझं भविष्य सांगता आलं नाही. पुराच्या गाळाला मेथी अशी आली, की उपटायला दोन माणसं लागत. आम्ही दलालाच्या पुढ्यातून बाजारात शिरलो आणि उघड्यावर पोतं अंथरून बसलो. निघताना आत्याबाईनं एक शहाणपण केलं होतं. एवढं देखणं पितळ, दृष्ट लागायची! म्हणून तिनं एका पारड्याखाली लिंबू-मिरची बांधली.

मेथीचे ढीग भराभरा उठले. तेवढ्यात एक म्हातारी ओरडली, "काऊन वो बाई, रिकामं पारडं खाली काऊन झुकून राह्यलं?"

भाजीच्या पारड्याखाली लिंबू! सकाळपासून प्रत्येक गिऱ्हाइकाला लिंबाएवढी मेथी कमी गेली होती. दलाल पलीकडून खो खो हसला. आत्याबाई मात्र उठून उभी राहिली आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "ज्यानं ज्यानं माह्याजवळून नेलं त्यानं या वो! लिंबाचं देनं हाये!"

घेतलेले आले, न घेतलेलेही आले. कासार आला, दोऱ्या विकणारा आला, मला वाटतं दलालाचा घोडासुद्धा रांगेत होता. मूठ मूठ देत पोतं रिकामं झालं. मग तिनं लिंबू सोडलं आणि वजनाच्या पारड्याखाली बांधलं. तेव्हापासून आमच्या गिऱ्हाइकाला लिंबाएवढी भाजी जास्तच जायची. पुढच्या बाजारी आमच्या पोत्यापुढं अशी गर्दी झाली, की दलाल माशा मारत बसला आणि त्याच्याकडच्या माशाही आमच्याकडे आल्या.

चैत्रात वांगी लगडली आणि सरपंच पोतं घेऊन हजर.

"काकू, मारुतीचे रोडगे हायेत. भरा."

आत्याबाईनं आढ्याचा तराजू काढला. वजनाखालचं लिंबू सोडून शांतपणे बाजूला ठेवलं.

"देवाच्या कामाले तोलता?" सरपंचाचा आवाज चढला तशी गल्ली जमली.

"देवाचे वांगे म्या सकाळीच देवाजवळ ठेवून आली. हे पंगतीचे हायेत. पंगतीत तुमी जेवता, मारुती नाई."

"पुढच्या टायमाले मदतीत तुमचं नाव येते का पाहू!"

"पाहा ना. पन पोतं पकडा पह्यले."

गल्ली बघत होती आणि वांग्यावाचून रोडगा होत नाही. त्यानं पोतं धरलं. काटा मधोमध उभा राहीपर्यंत तिनं एक एक वांगं घातलं, काढलं, पुन्हा घातलं.

"लिंबू काऊन काढलं?" त्यानं दात खात विचारलं. तराजूची कीर्ती त्याच्याही कानावर होती.

"लिंबू गिऱ्हाइकाले असते, भाऊ. तुमी कवा झाले गिऱ्हाईक?"

ढेरीखालून बटवा निघाला. पैसे तिच्या तळहातावर पडले. तिनं ते चोळीत घातले, जिथं सरकारचे ठेवले होते तिथंच. मग वाकून लिंबाएवढं एक वांगं उचललं आणि वरून त्याच्या पोत्यात टाकलं.

"आता झाले," ती म्हणाली.