फ्यूजवरची तांब्याची तार

परवा मुलाच्या जुन्या लॅपटॉपमधून धूर निघाला. मी मागचं झाकण उघडलं. आतल्या सर्किटवर एक बारीक भाग काळा पडला होता. जळका वास नाकात शिरला आणि मी झाकण तसंच टाकून बाहेर गेलो.

"बाबा, एवढ्या वासानं काय होतंय?" मुलगा म्हणाला.

त्याला सांगता आलं नाही, ते इथे लिहितो.

विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाने गावोगाव माणसं एकमेकांना परकी झाली होती. त्या वर्षांत वालूरला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. देवळाच्या लाउडस्पीकरचं मशीनही मीच सांभाळायचो. एका सप्ताहात त्याचा फ्यूज सारखा उडायला लागला. कंटाळून मी फ्यूजला तांब्याची तार गुंडाळली; मग फ्यूज उडत नाही, पण आत बिघाड झाला तर मशीनच जळतं. आम्ही सगळेच तसं करायचो. सप्ताह उरकला की काढू म्हटलं आणि काढली नाही.

पुढे मी सामान आणायला परभणीला गेलो असताना माइक बंद पडला. दलित वस्तीतल्या एका तरुणाने आयटीआय करून नुकतंच दुकान टाकलं होतं. पुजाऱ्याने त्याला बोलावलं आणि मशीन देवळाच्या पायरीखाली आणून दिलं. त्याने माइकच्या सॉकेटची तुटलेली वायर डाख देऊन जोडली. चार दिवसांनी भजन चालू असताना मशीन जळालं.

मी ते लोकांसमोर उघडलं. ट्रान्सफॉर्मरची लाख वितळून ओघळली होती, तिच्यात अर्धवट भाजलेली पाल चिकटली होती. फ्यूजवर माझी तार जशीच्या तशी. दोष कळायला मिनिटही लागलं नाही. तार चिमट्याने उपटली आणि मुठीत दाबली.

"कशानं झालं वो?" पाटलांनी विचारलं.

"मी नसताना दुसऱ्याचा हात लागलाय."

"मशीनलाबी इटाळ सोसला न्हाई म्हणा की!" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला पालीपेक्षा जास्त किळस येते.

दुसऱ्या दिवशी तो तरुण दुकानाबाहेर येऊन उभा राहिला.

"दादा, फ्यूजवर तार व्हती. तुमी लोकांना सांगितलं न्हाई?"

"दिसली व्हती तर काढायची व्हतीस."

"तुमच्या हातचं काम तुमाला न इचारता कसं सोडवू? तुमी आल्यावर सांगणारच व्हतो."

एका मेकॅनिकचं काम दुसऱ्याने विचारल्याशिवाय उकलायचं नाही, हा रिवाज आमचाच. तो त्याने पाळला होता.

"जा आता, गिऱ्हाईक यायलंय," मी म्हणालो. रस्ता रिकामा होता.

गावाने त्याच्याकडे रेडिओ देणं बंद केलं. वस्तीतल्या चार-दोन रेडिओंवर दुकान कसं चालणार? तो गाव सोडून गेला. कुठे, ते मी कधी विचारलं नाही.

मशीन माझ्या तारेने जळालं. त्याने दिलेला डाख मी मशीन उघडलं त्याच दिवशी ओढून पाहिला होता. तो पक्का होता.