पांढऱ्या कापसात पांढरी छत्री

बाबा अकोल्याच्या बस डेपोत मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते पुठ्ठ्याची रॉकेटं उडवू लागले. अमरावतीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक हा छंद असणाऱ्यांचं मंडळ चालवतात. त्यात पदवी नसलेले बाबा एकटेच.

रॉकेटची मोटर म्हणजे अंगठ्याएवढी जाड, जळणारं मिश्रण ठासून भरलेली नळी. तिच्यावर इंग्रजी अक्षर छापलेलं असतं. एक अक्षर पुढे गेलं की ताकद साधारण दुप्पट होते. बाबा दोन वर्षं सी आणि डी उडवत होते. त्यांना एफ हवी होती. मंडळाचा नियम असा की आधी ई मोटरीवर उडवायचं, त्याच दिवशी रॉकेट शोधून आणायचं आणि ते पुन्हा उडण्याच्या स्थितीत आहे हे दाखवायचं. पहिल्या प्रयत्नात ईच्या जोरानं एक पंख हवेतच निघाला. दुसऱ्या वेळी वाऱ्यानं रॉकेट नाल्यापलीकडे नेलं, ते मिळालंच नाही. तिसऱ्यांदा चुकलं तर वर्षभर अर्ज घेत नाहीत. बाबा सदुसष्ट वर्षांचे होते. वर्षभर थांबणं त्यांना मोठं वाटत होतं.

नोव्हेंबरात अकोटजवळच्या एका शेतावर उड्डाणं ठरली. सोयाबीन सोंगून झालं होतं, रान मोकळं होतं. शेजारच्या तुकड्यात कापसाची वेचणी चालू होती. दोन्ही तुकडे एकाच बाईंचे. त्यांनी परवानगी देताना एकच अट घातली होती. कापसात प्लास्टिक पडता कामा नये, नायलॉनचा धागासुद्धा नाही. असा धागा सापडला की सरकी काढणारे जिनिंगवाले माल बाजूला काढतात.

ही अट सगळ्यात गांभीर्यानं बाबांनी घेतली. रॉकेटला हळू खाली आणणारी, बाजारात मिळणारी नारंगी प्लास्टिकची छत्री त्यांनी काढून टाकली. आईच्या जुन्या पांढऱ्या सुती परकरातून नवी कापली, सुती दोऱ्यानं शिवली. धागा सुटलाच तर कापसात कापूसच जाईल, असा हिशेब. कापड विसळताना, वाळवताना, घडी घालताना मी घरात होते. रंगाचा विचार त्यांच्या मनात आला नाही आणि माझ्याही आला नाही.

अकरा वाजून वीस मिनिटांनी रॉकेट सुटलं. तिन्ही पंख टिकले. वर गेल्यावर छोटा बार झाला, टोकाचं नाक निघालं, छत्री उघडली. वारा ईशान्येचा होता. रॉकेट कापसाकडे सरकत गेलं. नजर ठेवायचं काम माझ्याकडे होतं. निंबाच्या झाडाच्या डावीकडे ते खाली येताना मला दिसत होतं. मग मागे आभाळाऐवजी फुटलेल्या कापसाचं शेत आलं आणि छत्री दिसेनाशी झाली.

अशा वेळी रॉकेटची पुठ्ठ्याची नळी झाडांत बुडते आणि छत्री वर दिसते, त्यावरून रॉकेट शोधतात. इथे झाडं कमरेच्या वर होती आणि प्रत्येक झाडावर पांढरं होतं. आम्ही आठ जण तासभर फिरलो. मग शेताच्या मालकीण बाई वेचणीच्या ओळीतून सरळ आमच्याकडे आल्या.

"भाऊ, काय हरवलं?"

"रॉकेट," बाबा म्हणाले.

"मंग चंद्रावर पाहा ना. माह्या पऱ्हाटीत कावून पाहून राहिले?"

"इथंच उतरलं, बाई. पांढरी छत्री हाये त्याले."

"पांढरी? कापसात?" त्या मागे वळून वेचणाऱ्या बायांना ओरडून म्हणाल्या, "आयका वं, पांढरी छत्री लावली म्हणे!" सगळ्या ओळी हसल्या.

"तुमच्याच कापसासाठी लावली," बाबा म्हणाले आणि परकराची गोष्ट सांगितली. बाईंचं हसणं थांबलं.

"समदे बाहेर निघा आता," त्या म्हणाल्या. "बोंडं झाडून राहिले तुमी. आमी सात जणी हावो. एकेक झाड हातानं पाहतो. चार वाजता निंबापाशी पोचतो. बांधावर बसा."

मंडळाची गाडी पाचला निघणार होती. प्राध्यापकांनी घड्याळ पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.

बाबा बसले नाहीत. "मले एक ओटी द्या," ते म्हणाले.

"वेचता येते का?"

"गिअरबॉक्समधले छर्रे काढले या बोटांनी."

"छर्ऱ्याले काटे नसतात, भाऊ."

बाबांनी वेचलेला कापूस टाकायची फडक्याची ओटी कमरेला बांधली आणि बाईंच्या शेजारची ओळ धरली. अर्ध्या तासानं बाईंनी त्यांच्या ओटीत हात घातला आणि मूठभर कापूस बाहेर काढला. त्यात निम्मा पालाच होता.

"नायलॉन नाई टाकलं ते बरं केलं. पण हे काय, भाऊ?"

बाबांनी ओटी बांधावर रिकामी केली आणि पत्ती निवडत बसले. नंतर पुन्हा ओळीत गेले. त्यांचा वेग सगळ्यात कमी राहिला, बोटं दोन ठिकाणी सोलली.

चारला दहा मिनिटं असताना टोकाच्या ओळीतून एक बाई ओरडली, "हा कापूस नाई होय!" तिनं बोंड समजून ओढलं होतं आणि हातात शिवण आली होती. खाली दोरी होती, दोरीला नळी. त्या झाडाजवळून मी दोनदा गेले होते.

प्राध्यापकांनी पंख एकेक दाबून पाहिले, नाक बसवून काढलं, नळीवरची माती पुसली. रॉकेटमधल्या उंची मोजणाऱ्या यंत्रात दोनशे चौदा मीटरची नोंद होती. वहीत सही झाली.

"एफ कधी?" बाबांनी विचारलं.

"जानेवारीत."

डिसेंबरअखेर बाईंचा फोन मला आला. शेवटची वेचणी उरकली होती. "तुमच्या बाबाले सांगा, आता या. अन् छत्री लाल लावा."

जानेवारीत त्याच शेतावर गेलो तेव्हा छत्री लाल सुती होती. एफवर रॉकेट आधीच्या दुपटीहून वर गेलं. काही क्षण ते कोणालाच दिसलं नाही, बाबा कपाळावर हात धरून उभे होते. मग लाल ठिपका आला आणि कापूस वेचून उघड्या पडलेल्या पऱ्हाट्यांवर अलगद टेकला. बाईंनी आमच्याआधी बोट दाखवलं.

"दिसलं ना?" बाबा म्हणाले.

"दिसलं," त्या म्हणाल्या. "पण शोधाले काय मजा रायली आता?"

बाबा तोवर रॉकेटकडे निघाले होते. पऱ्हाट्यांतून, वाट सोडून, सरळ.