फ्रीजमधली मटकी

भिजवलेली मटकी फडक्यात घट्ट बांधून मी फ्रीजमध्ये ठेवली. मे महिन्याचा उकाडा, उगाच आंबायला नको, हा माझा दूरदर्शी विचार. सकाळी पुरचुंडी सोडली तर एकाही दाण्याला मोड नाही. मोड यायला ऊब लागते, हे पन्नाशीच्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं.

एरवी हसून सोडलं असतं. पण त्या दिवशी खाऊची पाळी आमची होती. आमची सातवीतली मुलगी पनवेलला तलावापलीकडच्या मैदानावर खो-खोच्या उन्हाळी शिबिराला जायची. खेळून झालं की रोज एका घरून सगळ्यांसाठी खाऊ. नियम एकच, तळलेलं नाही. बायको आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मोऱ्याला माहेरी गेलेली.

मुलगी बांध्याने माझ्यावर गेली आहे, म्हणजे गोलमटोल. बिचारीला निवड नव्हती. शाळेत तिला कोणीतरी चिडवलं आणि तिचा डबा भरलेलाच परत यायला लागला. आम्ही हबकलो. मग एक दिवस तीच म्हणाली, खो-खोला जाते. तेव्हापासून आम्ही दोघं घरात दबकून वागत होतो. ती सकाळी बूट घालते की नाही, यावर आमचा दिवस ठरायचा.

आणि अशा पोरीच्या मैदानावर मी बटाटेवडे घेऊन गेलो. वाटेत तेवढंच गरम आणि सगळ्यांना पुरेल असं मिळालं. एक चाखूनही पाहिला, जबाबदारी म्हणून.

पोरं तुटून पडली. "काका, उद्या पण तुमचीच पाळी!" मी खुशीत होतो. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "तरीच ही अशी!" दोघी-तिघी खुसखुसल्या. माझ्या मुलीने वड्याला हात लावला नव्हता. ती आपल्या बुटांकडे बघत होती.

शिकवणारी ताई बेलपाड्याची, कबड्डी खेळलेली. तिने टाळी वाजवली. "आमच्याकडे तळलेलं नाय चालत. ज्यानी खाल्लं त्यानी मैदानाला फेरी. काका, तुमी पण."

"मी कुठे खाल्लं?"

"मिशीला चटणी हाय."

पळालो. चपला घालून. वळणावर एक चप्पल मागे राहिली, ती आणायला उलटा गेलो, पोरं खिदळली. मला स्वतःच्या फजितीचं काही नव्हतं, ती मी लग्नाकार्यात फुकट करून घेतो. पण ते हसू माझ्यावर होतं की तिच्यावर, ते कळेना. इतक्यात बाजूला बूट वाजले. न खाताच ती पळत होती, माझ्या चालीने.

"बेटा, मटकीला ना..."

"बाबा, बोलू नकोस. नुसता पळ."

स्कूटरवर घरी येताना माफी मागायची म्हणून मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "ऊन फार झालंय ना?" घरी आल्यावर तिने बूट रॅकमध्ये न ठेवता बाल्कनीत नेऊन टाकले. दुपारभर मी कसलं ना कसलं निमित्त काढून बाल्कनीत जात होतो. बूट तिथेच, तोंडं भिंतीकडे. संपलं, म्हटलं. एवढं सावरत आणलेलं आपण एका पुडक्यात घालवलं.

संध्याकाळी बायको आली. मायलेकी स्वयंपाकघरात शिरल्या, दार लोटलं गेलं. मी पेपर उघडून बसलो, कान दाराकडे. बराच वेळ नुसती कुजबुज. मग बायको पदराला हात पुसत बाहेर आली. मी काही विचारायच्या आत म्हणाली,

"बूट घामाने ओले झाले होते म्हणून वाळत टाकलेत तिने. उद्या तुम्हाला बरोबर यायला सांगितलंय, पण चपला घालून नाही. आणि मटकी आत्ता मी भिजवलीय. तुम्ही फ्रीजच्या आसपाससुद्धा फिरकायचं नाही."